पाचगणीचा फारूख आणि नव्वद मिनिटांची कॅसेट

आधी एक खुलासा करतो. आमचं लंडन म्हणजे राणीचं लंडन नव्हे, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं. टोरांटोहून गाडीनं दोन-अडीच तास. इथेही थेम्स नदी आहे, कॉव्हेंट गार्डन मार्केट आहे, ऑक्सफर्ड स्ट्रीटसुद्धा आहे. त्यामुळे वाईच्या नातेवाइकांना तीस वर्षं मी हेच सांगतोय, की आमच्या खिडकीतून राजवाडा दिसत नाही हो! हिवाळ्यात ह्युरॉन सरोवराकडून बर्फाचे लोट येतात आणि कधीकधी दोन-दोन दिवस घराबाहेर पडायची सोय नसते. अशाच एका शनिवारी घरात अडकून पडलो आणि मुलीनं दिलेली भेट शेवटी नीट ऐकली.

माझ्या साठीला तिनं एक रेकॉर्ड प्लेयर आणला होता आणि सोबत एकच एलपी. क्वीन या इंग्लिश बँडचा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’. मूळ अल्बम नोव्हेंबर १९७५ चा, तिनं आणलेली आवृत्ती मात्र नवी, रिमास्टर केलेली. खरं सांगायचं तर कागद फाडल्यावर मी जरा हिरमुसलोच. हा अल्बम मला तोंडपाठ होता. आता त्यात नवीन काय ऐकायचं?

तोंडपाठ होण्याचं कारण एक कॅसेट. १९८२ साली मी पुण्यात डिप्लोमा करत होतो. माझ्या खोलीतल्या मित्राचे काका आखातात होते, त्यांच्याकडून त्याला इंग्रजी गाण्यांच्या कॅसेट यायच्या. मी एक कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट विकत घेतली आणि त्याच्याकडून हा अल्बम भरून घेतला. अल्बम साधारण ४३ मिनिटांचा, म्हणजे एका बाजूत अगदी फिट्ट. दुसरी बाजू रिकामी ठेवणं आम्हाला परवडणारं नव्हतं. तिथे वडिलांसाठी भीमसेनजींचे अभंग भरले.

वडील एसटीत कंडक्टर. वाई–महाबळेश्वर ही त्यांची नेहमीची गाडी. माणूस पक्का वारकरी, एकादशी कधी चुकवली नाही. एकदा सुट्टीत मी घरी असताना त्यांनी संध्याकाळी दिवाबत्ती करून टेपरेकॉर्डर सुरू केला, आणि अभंगाच्या ऐवजी घरभर शंभर माणसं एकमेकांवर ओरडतायत असा गलका सुरू झाला. बाजू उलटी लागली होती. आईला हसू आवरेना. वडिलांनी शांतपणे टेप बंद केला आणि मला विचारलं, की हा कोण गृहस्थ एवढा बोंबलतोय. मी ऐटीत सांगितलं, की हा फ्रेडी मर्क्युरी, इंग्लंडचा मोठा गायक आहे.

माझं उत्तर किती अपुरं होतं, हे मला कळायला पुढे छत्तीस वर्षं लागली.

आता त्या नव्या एलपीविषयी. रिमास्टर म्हणजे काय, हे मलाही धड माहीत नव्हतं, मुलीनं समजावलं. स्टुडिओत प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज टेपच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेतात. मग त्या सगळ्या एकत्र करून डाव्या-उजव्या दोन बाजूंची एक अंतिम टेप बनते, ती मास्टर. रिमास्टर करणारा माणूस या अंतिम टेपपासून सुरुवात करतो. तो नवीन काही गाऊन घेत नाही, वाजवून घेत नाही. आवाजाचा तोल सावरतो, जुन्या छपाईत दबलेलं वर आणतो, दोष कमी करतो. रिमिक्स हा वेगळा प्रकार. त्यात परत सुट्या पट्ट्यांपर्यंत जाऊन सगळं नव्यानं जुळवतात. क्वीनच्या १९७३ च्या पहिल्या अल्बमचं तसं नवं रिमिक्स २०२४ मध्ये निघालं. माझ्या हातातली आवृत्ती मात्र रिमास्टरच. बँडला चाळीस वर्षं झाली तेव्हा, २०११ मध्ये, बॉब लुडविग या अमेरिकन तज्ज्ञानं मूळ मास्टर टेपवरून हे काम केलं. आपल्याकडे तांब्याचा हंडा चिंच लावून घासतात ना, तसं म्हणा. हंडा तोच असतो.

सुई टेकवली आणि पहिल्या गाण्याचा पियानो सुरू झाला. माझ्या कॅसेटवर हा पियानो खरखरीच्या मागे कुठेतरी वाजायचा. इथे तो समोर येऊन बसला. ओळ सुरू करण्याआधी गाणाऱ्यानं घेतलेला श्वास ऐकू आला. एका गाण्यात जुन्या बँडची पितळी वाद्यं वाजल्यासारखी वाटतात, ते सगळे तोंडानं काढलेले आवाज आहेत, हे मला पहिल्यांदाच जाणवलं. अल्बमच्या वेष्टनावर तर त्यांनी मुद्दाम छापलं होतं, की यात सिंथेसायझर वापरलेला नाही. पण माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या पियानोकडे जात होतं. कारण तो वाजवणारा हात पियानो कुठे शिकला, हे आता मला माहीत होतं. आमच्या वाईच्या घरापासून पसरणीचा घाट चढून गेलं, की बारा-तेरा किलोमीटरवर. पाचगणीला.

फ्रेडी मर्क्युरीचं जन्मनाव फारूख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात तो जन्मला. आडनाव गुजरातेतल्या बलसाड गावावरून, जे आता वलसाड म्हणून ओळखलं जातं. वडील बोमी हे तिथल्या ब्रिटिश अमदानीतल्या हायकोर्टात कॅशियर, आईचं नाव जेर. घरात गुजराती बोलत. पोरगं आठ वर्षांचं असताना आईवडिलांनी त्याला शिक्षणासाठी हिंदुस्थानात धाडलं. बोटीनं मुंबई आणि तिथून पाचगणीचं सेंट पीटर्स बोर्डिंग स्कूल. आपण सगळे शिक्षणासाठी, नोकरीसाठी पश्चिमेकडे निघालो. हा मुलगा समुद्र ओलांडून आपल्या सातारा जिल्ह्यात आला होता, आणि तोही आठव्या वर्षी, एकटा.

शाळेत त्याचा फ्रेडी झाला. मित्रांनी हाक मारली ती चिकटली, पुढे घरच्यांनीही स्वीकारली. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे असल्यानं पुढचे दात बाहेर यायचे. पोरं त्यावरून चिडवायची, मोठेपणीही तो ओठांनी दात झाकायचा. पुढे भरपूर पैसा आला, पण दात काढले तर आवाज बदलेल या भीतीनं त्यानं ते तसेच ठेवले. खेळात तो चांगला होता, दहाव्या वर्षी टेबल टेनिसमध्ये शाळेत पहिला आला. पण खरी गोडी संगीताची. मुख्याध्यापकांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी घरच्यांना कळवून त्याची पियानोची शिकवणी लावली. रेडिओवर ऐकलेली चाल तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा, असं त्याचे वर्गमित्र सांगत. बाराव्या वर्षी पाच मुलांनी मिळून शाळेतच एक बँड काढला, नाव ‘द हेक्टिक्स’. फ्रेडी त्यात पियानोवर. मुख्य गायक दुसराच मुलगा होता! त्या पाचांपैकी एक पुढे इंग्लंडमध्ये नट झाला आणि एक नेपाळच्या सैन्यात जनरल.

झांझिबार लांब, त्यामुळे लहान सुट्ट्यांत तो मुंबईला नातेवाइकांकडे राहायचा. पाचगणीतली ही वर्षं साधारण १९५५ ते १९६२. माझे वडील १९५९ मध्ये एसटीत लागले. म्हणजे निदान तीन वर्षं त्यांची गाडी आणि हा मुलगा एकाच रस्त्यावर होते. वडील सांगायचे, की सुट्टी लागली की इंग्रजी शाळांतल्या पोरांच्या ट्रंका टपावर चढवताना हमालांची दमछाक व्हायची. आणि काही लहान पोरं फाटकाशीच उभी राहायची. त्यांची घरं इतकी लांब, की त्यांना न्यायला कोणी येणार नसायचं. वडिलांना त्यांचं वाईट वाटायचं. एवढं लेकरू आईपासून लांब कसं ठेवतात, असं ते दर वेळी म्हणायचे. त्या पोरांत तो होता का? कोण जाणे. वडील २००६ मध्ये गेले. पाचगणीचं हे सगळं मला कळलं २०१८ मध्ये, फ्रेडीवरचा सिनेमा आला तेव्हा. सिनेमात पाचगणीची शाळा दिसत नाही. बहिणीनं वाईहून एका मराठी पुरवणीतलं कात्रण फोटो काढून पाठवलं, त्यात ती होती. विचारायला वडील राहिले नव्हते.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १९६३ च्या सुमारास फ्रेडी झांझिबारला परतला. १९६४ च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली, अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांची कत्तल झाली. बलसारा कुटुंब हातात मावेल तेवढं घेऊन इंग्लंडला आलं आणि हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टम या उपनगरात एका छोट्या घरात राहू लागलं. मुलगा सतरा वर्षांचा. आपण निर्वासित नव्हतो, आपण व्हिसा घेऊन आलो. पण पहिल्या थंडीत भाड्याच्या घरात बसून आता पुढे काय, असा विचार करणं आपल्यालाही माहीत आहे.

तो ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकला, १९६९ मध्ये पदविका मिळाली. हीथ्रोवर सामान उचलण्याचं काम केलं, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर बँड सुरू झाला. क्वीन हे नाव त्यानंच सुचवलं, पुढच्या वर्षी जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. बँडचं बोधचिन्हही त्यानंच काढलं. चौघांच्या राशींवरून दोन सिंह, एक खेकडा आणि दोन पऱ्या. याच सुमारास त्यानं बलसारा आडनाव सोडून मर्क्युरी हे नाव घेतलं.

१९७५ साली बँड लोकप्रिय होता, पण खिशात पैसे नव्हते. आधीच्या व्यवस्थापकांशी झालेल्या करारामुळे मिळकत त्यांच्या हाती येत नव्हती. त्या रागावरच अल्बमचं पहिलं गाणं आहे. नवा व्यवस्थापक मिळाल्यावर त्यांनी सगळं पणाला लावून हा अल्बम केला. निर्माता रॉय थॉमस बेकर. खर्च इतका झाला, की तोवरच्या सर्वांत महागड्या अल्बमांत त्याची गणना झाली. त्यातलं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे फ्रेडीचं गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. आधी हळवा पियानो, मग ऑपेरा, मग तुफान रॉक, आणि शेवटी परत पियानो. ऑपेराच्या तुकड्यासाठी फ्रेडी, मे आणि टेलर असे तिघेच जवळजवळ तीन आठवडे रोज दहा-बारा तास गात होते. टेप २४ पट्ट्यांची, आणि आवाजावर आवाज चढवत नेलेले. शेवटी टेप इतकी झिजली, की उजेडात धरल्यावर आरपार दिसायला लागलं. म्हणजे आमच्या देवघरासमोर ओरडणारी ती शंभर माणसं प्रत्यक्षात तीनच होती! नव्या एलपीवर ते सुटं सुटं ऐकू येतं. टेलर सगळ्यात वरच्या पट्टीत, मे खाली आणि मधला भरीव आवाज फ्रेडीचा.

एवढं लांब गाणं रेडिओवर कोणी लावणार नाही, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

यश आलं तसं तो झांझिबार आणि पाचगणीबद्दल बोलेनासा झाला. मुलाखतींत विषय निघाला तर टाळायचा. त्या काळच्या इंग्लंडमध्ये आशियाई माणसांना रस्त्यात मार खावा लागत होता, हेही विसरून चालणार नाही. कॅनडाशीही त्याचा एक धागा आहे. नोव्हेंबर १९८१ च्या २४ आणि २५ तारखेला मॉन्ट्रियलमध्ये झालेल्या त्यांच्या मैफलींचं चित्रण आजही आवडीनं पाहिलं जातं. १३ जुलै १९८५ ला वेम्बलीच्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात तर त्यानं वीसेक मिनिटांत अख्खं मैदान ताब्यात घेतलं.

मग एड्स. त्या वेळी या आजारावर इलाज नव्हता आणि रुग्णाच्या वाट्याला लोकांची शेरेबाजी यायची. त्यानं ते गुप्त ठेवलं आणि उभं राहवत होतं तोवर स्टुडिओत गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं आजार जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी, केन्सिंग्टनच्या घरी, वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. तीन दिवसांनी अंत्यसंस्कार झाले ते पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी. आईवडील तिथे होते. २०१३ मध्ये लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत एक स्मृतिशिला लोकांच्या नजरेस पडली. काही दिवसांत ती हलवलीही गेली. तिच्यावर मर्क्युरी नव्हतं. फारूख बलसारा असं नाव होतं, आणि त्याच्या जन्ममृत्यूच्या तारखा.

तो गेला तो आठवडा मला नीट आठवतो, कारण मी इथे येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. एका कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी. माझं नाव आळंदीच्या माउलींचं. वडिलांनी ते मोठ्या हौसेनं ठेवलेलं. पहिल्याच दिवशी फोरमननं दोनदा उच्चारून पाहिलं आणि मग सांगितलं, की आजपासून तू डॅन. मी मान डोलावली. सोपं पडलं सगळ्यांना, मलाही.

१९९६ मध्ये आईला हृदयविकाराचा झटका आला. वडिलांनी वाईच्या आयएसडी बूथवरून आधी घरी फोन केला, कोणी उचलला नाही. मग कारखान्यात. तिथे नव्यानं लागलेल्या मुलीनं सांगितलं, की या नावाचं इथे कोणी नाही. वडिलांनी माझं पूर्ण नाव तीनदा सांगितलं. बिलाचा आकडा पळत होता. त्यांनी फोन ठेवून दिला. मला बातमी रात्री कळली. आई त्यातून वाचली, पण वडिलांनी ती गोष्ट मनाला लावून घेतली. मला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक पत्राच्या पाकिटावर ते माझं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत पूर्ण लिहायचे आणि खाली दोन रेघा मारायचे. ती पाकिटं माझ्याकडे आहेत.

म्हणून फ्रेडीनं नाव बदललं याबद्दल कोणी नाकं मुरडली, की मला पटत नाही. त्याचं नवं नाव त्यानं स्वतः निवडलं आणि त्या नावाला शोभेल असं काम करून दाखवलं. आईवडिलांनी दिलेलं नाव त्यानं पुसून टाकलं असंही नाही, शेवटी दगडावर तेच होतं. माझं डॅन हे नाव मी निवडलेलं नव्हतं. कोणाला तरी उच्चाराचा कंटाळा आला आणि मी हो म्हटलं, एवढंच. हा फरक मला त्या बर्फाच्या शनिवारी, एलपीची दुसरी बाजू ऐकताना कळला. उशीर झालाय, मान्य आहे. पण निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. सोमवारी मी कामाच्या टेबलावरची पाटी बदलायला दिली. आता तिच्यावर पूर्ण नाव आहे. तरुण सहकारी रोज उच्चारून पाहतात, चुकतात, हसतात आणि परत प्रयत्न करतात. तीस वर्षांपूर्वीही त्यांना हे जमलं असतं, मीच कधी संधी दिली नाही.

कॅसेट अजून आहे, पण ती आता लागत नाही, फीत अडकते. मुलगी म्हणाली, की दुसरी बाजू तरी वाचवून घेऊ. टोरांटोत असं काम करणारा एकजण तिनं शोधलाय. मी तिला सांगितलं, की दोन्ही बाजू घे. खरखरीसकट.

येत्या डिसेंबरात वाईला जाणार आहे. पसरणीच्या घाटातून एसटीनंच वर जायचं आणि त्या शाळेच्या फाटकाशी थोडा वेळ उभं राहायचं, एवढाच बेत आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी त्या काळातल्या पाचगणीच्या आठवणी असतील, कोणाचे आजोबा तिथे शिपाई, शिक्षक, दुकानदार असतील, तर त्यांना आत्ताच विचारा आणि लिहून ठेवा. माझं विचारायचं राहून गेलं.